एमबीबीएस: वॉर्ड पोस्टिंगपासून इंटर्नशिपपर्यंत या चुका टाळा

सरकारी मेडिकल कॉलेजला नंबर लागावा म्हणून मुलं नीटसाठी जिवाचं रान करतात, आणि नंबर लागल्यावर त्या कॉलेजची खरी श्रीमंती जिथे असते त्या वॉर्डाकडेच पाठ फिरवतात. नागपूरचं मेडिकल, पुण्याचं ससून, छत्रपती संभाजीनगरची घाटी, मुंबईचं जे. जे. या रुग्णालयांच्या एका ओपीडीत जितक्या तऱ्हेचे पेशंट दिसतात, तितके पुढे खासगी प्रॅक्टिसमध्ये वर्षभरातही दिसणार नाहीत. लेक्चरचं नुकसान व्हिडिओ पाहून भरून निघतं. वॉर्डात न घालवलेल्या संध्याकाळी मात्र पुन्हा मिळत नाहीत. वर्षानुवर्षं विद्यार्थी त्याच त्या जागी अडखळताना दिसतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी चौकट. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. २०१९ पासून क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला आणि लॉगबुक (शिकलेल्या कामांची नोंदवही) आलं, पहिल्या वर्षापासून पेशंटची ओळख करून देणं आलं. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के हजेरी लागते. बरेच जण हा ८०चा आकडा तेवढा लक्षात ठेवतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

हजेरीपुरती पोस्टिंग

सकाळी एका बेडभोवती पंधरा जणांची बॅच उभी असते. एक जण केस सांगतो, पुढचे तिघे ऐकतात, मागचे मोबाइलमध्ये असतात. बारा वाजता सही होते आणि बॅच कँटीनला जाते. अशा सहा आठवड्यांच्या पोस्टिंगनंतर (एखाद्या विभागाच्या वॉर्डातल्या नेमणुकीनंतर) लॉगबुक भरलेलं असतं, पण हाताला काही लागलेलं नसतं.

त्याहून वाईट सवय म्हणजे केस पेपरवरून हिस्ट्री उतरवून घेणं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत, दहा पेशंट रांगेत असताना रेसिडेंटने (निवासी डॉक्टरने) लिहिलेली ती हिस्ट्री असते. ती त्याच्या कामापुरती असते, तुमच्या शिकण्यासाठी नसते. ही चूक फायनलच्या प्रॅक्टिकलमध्ये हमखास उघडी पडते. लाँग केस मांडताना निदान बरोबर येतं, पण परीक्षकांनी ‘हे कशावरून म्हणता?’ एवढं विचारलं की पुढे शब्द फुटत नाही.

उपाय साधा आहे. संध्याकाळी चार-साडेचारला, वॉर्ड शांत असताना, एकट्याने किंवा फार तर दोघांनी जा. सिस्टरना सांगा, रेसिडेंटला विचारा, मग पेशंटची परवानगी घ्या. जेवण चालू असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर दुसऱ्या दिवशी या. एकच पेशंट घ्या. हिस्ट्री, तपासणी, तुमचं निदान, हे सगळं स्वतःच्या हाताने कागदावर लिहून झाल्यावरच केस पेपर उघडा. जिथे फरक पडेल तिथे पेशंटकडे परत जा आणि पुन्हा तपासा. आठवड्याला अशा तीन केसेस झाल्या तरी टर्मअखेरीस तुमच्यात आणि बाकीच्या बॅचमध्ये पडलेला फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

आणि कृपा करून ‘बारा नंबरला स्प्लीन (म्हणजे वाढलेली प्लीहा) आहे’ असं पेशंटच्या उशाशी उभं राहून बोलू नका. तिथे शेतातली कामं टाकून आलेले एक काका झोपलेले असतात आणि त्यांना सगळं ऐकू येत असतं.

प्रश्न चुकला की हिस्ट्रीही चुकते

‘काही व्यसन?’ असं विचारलं की ग्रामीण भागातल्या मावशी ‘नाही’ म्हणतात आणि विद्यार्थी ‘व्यसन नाही’ लिहून मोकळा होतो. त्याच मावशी वीस-पंचवीस वर्षं रोज सकाळी मिश्री लावत असतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी अशी एकेक वस्तू नाव घेऊन विचारा. तोंडात न भरणारी जखम घेऊन आलेल्या पेशंटच्या बाबतीत या एका प्रश्नावर सगळी दिशा ठरते.

दारूचंही तसंच. ‘कधीतरी’ या उत्तरावर थांबू नका. क्वार्टर की हाफ, देशी की इंग्लिश, रोज की बाजाराच्या दिवशी, शेवटची कधी घेतली, हे विचारा. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि एवढं रोज पोटात जात असेल तर यकृताची काळजी करायलाच हवी. शेवटची कधी घेतली हा प्रश्न तर कधीच सोडू नका. ॲडमिट झाल्यावर दोन-तीन दिवसांनी पेशंट अचानक बरळायला लागतो, हात थरथरतात, तेव्हा त्याचं कारण या एका उत्तरात सापडतं.

दम लागतो म्हणणाऱ्याला ‘ग्रेड किती’ हे तुम्ही ठरवायचं असतं, पण त्यासाठी त्याच्या दिवसातलं काम माहीत हवं. विहिरीवरून हंडा आणताना मध्ये थांबावं लागतं का? आंघोळ करताना दम लागतो का? रात्री उशी वाढवावी लागते का? ‘बीपीची गोळी चालू आहे’ असं कोणी म्हणालं तर पिशवीतली स्ट्रिप काढून दाखवायला सांगा. बऱ्याचदा ती रिकामी असते, कित्येक आठवड्यांपासून.

तपासणीतल्या ठरलेल्या चुका

स्टेथोस्कोप शर्टावरून किंवा ब्लाउजवरून ठेवणं ही पहिली चूक. कापडाच्या घासण्याचा आवाज क्रेपिटेशनसारखा (फुप्फुसातल्या चुरचुरीसारखा) वाटतो. पडदा ओढा, स्त्री पेशंट असेल तर सिस्टर किंवा मैत्रीण सोबत घ्या, काय करणार आहात ते सांगा आणि मग तपासा. लाजेपोटी अर्धवट केलेल्या तपासणीमुळे पेशंटला त्रास झालेलाच असतो, शिवाय माहितीही चुकीची मिळते.

प्लीहा तपासताना हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला जातो. मोठी स्प्लीन नेमकी अशाच वेळी निसटते, कारण तुमची बोटं तिच्या कडेच्या वर, तिच्या अंगावरच टेकलेली असतात आणि कड लागतच नाही. सुरुवात उजव्या बाजूला खालून, मांडीच्या सांध्याच्या वरून करा आणि प्रत्येक श्वासागणिक थोडं थोडं डाव्या बरगडीकडे सरका. आधी कड लागेल, मग खाच लागेल. ती खाच स्वतःच्या बोटांना एकदा कळली की पुस्तकात वाचलेली सगळी लक्षणं जागेवर बसतात.

बीपी तर सगळ्यांनाच येतं असं वाटतं. जिना चढून आलेल्या पेशंटला पाच मिनिटं बसू द्या, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, दंड जाड असेल तर मोठा कफ मागून घ्या. लहान कफने आकडा वाढून येतो. आधी नाडी धरून सिस्टोलिकचा (वरच्या आकड्याचा) अंदाज घ्या, मग स्टेथोस्कोप लावा.

इंटर्नशिप: कलेक्शनला हलकं काम समजू नका

इंटर्नच्या वाट्याला सकाळचं ब्लड कलेक्शन येतं, आणि ‘हे काय डॉक्टरचं काम आहे का’ अशी कुरकुर चालते. पण त्या दिवशी वॉर्डात होणारा प्रत्येक निर्णय त्या बल्बवर (रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर) उभा असतो.

सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलं आणि त्यात डेक्स्ट्रोज असेल, तर साखर भलतीच वाढलेली येते. सिरिंजमधलं रक्त सुईतूनच जोरात बल्बमध्ये ढकललं की पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) बल्बमधलं थोडंसं रक्त प्लेनमध्ये, म्हणजे लाल झाकणाच्या बल्बमध्ये ओतलं तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम कमी दिसतं, कारण ईडीटीएसोबत पोटॅशियम असतंच आणि कॅल्शियम ते बांधून ठेवतं. असा रिपोर्ट आला आणि ईसीजी मात्र नॉर्मल असेल, तर उपचार सुरू करण्याआधी सॅम्पल पुन्हा पाठवावं लागतं का, हे सीनियरला विचारा. क्रम लक्षात ठेवा: आधी निळ्या झाकणाचा सायट्रेट, मग लाल, मग जांभळा, शेवटी करड्या झाकणाचा फ्लोराइड. सायट्रेटचा बल्ब खुणेपर्यंतच भरा. कमी भरला तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) वाढलेलं येतं.

क्रॉसमॅचच्या (रक्त चढवण्याआधी ते जुळतं का हे पाहण्याच्या) सॅम्पलवर नाव लिहिण्यासाठी बल्ब घेऊन नर्सिंग स्टेशनवर येऊ नका. लेबल पेशंटच्या बेडशेजारीच, रक्त काढल्या काढल्या लिहा. ‘तुम्ही लक्ष्मीबाई ना?’ असं विचारलं तर थकलेली, घाबरलेली बाई कशालाही हो म्हणते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारा आणि केस पेपरशी ताडून बघा. चुकीच्या गटाचं रक्त चढण्यामागे पुष्कळदा हीच अर्ध्या मिनिटाची घाई असते.

सुई टोचली तर

हा मुद्दा कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. बहुतेक इजा तिथेच होतात. सुई थेट पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात जायला हवी.

टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका, स्पिरिट ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सांगा. लगेच म्हणजे ड्यूटी संपल्यावर नव्हे. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर ती सुरू करून उपयोग नसतो, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. सीनियर ओरडतील म्हणून गप्प राहणारी मुलं दरवर्षी असतात. ओरडू द्या, पण सांगा.

हेपटायटिस बीची लस क्लिनिकल पोस्टिंग सुरू होण्याआधी पूर्ण करा: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर (लसीने तयार झालेल्या प्रतिकारशक्तीची रक्तचाचणी) करा. तो १०च्या वर हवा.

पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) आठवडे वाया घालवू नका

२०२१च्या नियमांनुसार इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांपैकी १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे आहेत. नीट पीजीचा अभ्यास करायला मिळालेली सुट्टी म्हणून बरेच जण ते बघतात. पीजीची धास्ती मला समजते, पण इंटर्नशिप संपल्यावर सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. म्हणजे वर्षभरात तुम्ही एखाद्या आरोग्य केंद्रात रात्रीच्या वेळी एकटे डॉक्टर असू शकता.

तिथे मध्यरात्री सर्पदंश येतो. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी काचेच्या, स्वच्छ, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्येच करायची असते. प्लास्टिकच्या बल्बमध्ये केली तर निकाल फसवा येतो. ट्यूब वीस मिनिटं हलवायची नाही. घोणस आणि फुरसं चावल्यावर ही चाचणी कामाची, मण्याराला ती नॉर्मलच येते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, दंशाची खूण दिसत नाही आणि पापण्या जड होऊ लागतात, तेव्हा मण्यार आठवायला हवा. लहान मुलालाही प्रतिसर्पविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं. ॲलर्जीचा झटका आल्यास लागणारं ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवल्याशिवाय प्रतिसर्पविष सुरू करू नका.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाचे पेशंट रात्र-रात्र बसून पाहिले, त्यांच्या नोंदी ठेवल्या. कोकणात लाल विंचवाने दगावणाऱ्यांचं प्रमाण पुढे प्राझोसिन या औषधामुळे उतरलं, ते अशा नोंदींमधूनच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून या १२ आठवड्यांत मेडिकल ऑफिसरांच्या शेजारी बसा. रेफरची चिठ्ठी कशी लिहितात, मृत्यूचं कारण प्रमाणपत्रावर कसं मांडतात, एमएलसी (पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण) नोंदवताना काय सुटतं, हे बघून घ्या. त्या काळात एमएलसीच्या कागदावर एकट्याच्या जबाबदारीवर सही मात्र करू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. अंतर्गत मूल्यमापनात थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून ५० टक्के, आणि प्रत्येकात किमान ४० टक्के नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही; प्रिलिमनंतर जागं होऊन उपयोग नाही. इंटर्नशिपच्या आधी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी करून घ्या. वर्षभरात १५ दिवसच रजा मिळते, त्यापलीकडचे दिवस भरून द्यावे लागतात आणि पूर्णत्वाचा दाखला लांबतो. लॉगबुकवरची सही पोस्टिंग संपते त्याच दिवशी घ्या, कारण रेसिडेंट बदलतात आणि सहा महिन्यांनी तुम्हाला ओळखणारं त्या युनिटमध्ये कोणी उरलेलं नसतं.