कृष्णधवल युद्धपट रंगवायला बसताय? या चुका टाळा

दर आठवड्याला कुणी ना कुणी मला स्वतः रंगवलेली क्लिप पाठवतं आणि खाली लिहितं, सर बघून सांगा कसं झालंय. निम्म्या वेळा ती 'द लाँगेस्ट डे'ची असते, म्हणजे १९६२ चा तो तीन तासांचा सिनेमा, ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीत उतरलं त्याची गोष्ट. माझाही जीव त्याच सिनेमात अडकलेला आहे, सराव मी त्याच्यावरच केला, त्यामुळे लोक त्याचं काय करून ठेवतात ते पहिल्या दोन सेकंदांत दिसतं. तेच आकाश, तेच गुलाबी चेहरे, त्याच टोप्या. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून दमलो, म्हणून आता एकदाच सगळं लिहितोय.

आधी एक हिशोब करा. सिनेमा १७८ मिनिटांचा, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे अडीच लाखांच्या वर फ्रेम झाल्या. लढाईला ५० वर्षं झाली तेव्हा, १९९४ मध्ये, याची रंगवलेली आवृत्ती व्हिडिओ कॅसेटवर आली होती, पण ते स्टुडिओच्या ताकदीचं काम होतं. तुम्ही एकटे आहात. चाळीस सेकंदांचा एक तुकडा घ्या आणि तेवढाच नीट करा. नवीन मंडळी हे ऐकतच नाहीत, पहिल्याच दिवशी अख्खा सिनेमा एआयला देतात, रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवतात आणि सकाळी जे बाहेर पडेल त्याला रिस्टोरेशन म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्या लोकांनी तो कॅमेऱ्यात पकडला त्यांना कृष्णधवल छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालंय, त्या कामाला हात लावायचा तर थोडी मेहनत आपणही घ्यायला हवी.

राखाडीवरून रंग कळतो असं समजू नका

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

कृष्णधवल फिल्मवर फक्त उजेड उरतो, रंग उरत नाही. गडद लाल कापड आणि गडद हिरवं कापड शेजारी ठेवलं तर फिल्मवर दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत येऊ शकतात, आणि मग जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला त्यातलं लाल कोणतं ते सांगू शकत नाही. एआय सांगत नाही, अंदाज ठोकतं. त्याला शिकवताना जे फोटो दाखवले त्यांत टोप्या जशा होत्या तशी टोपी ते देतं, आणि शंका आली की सगळ्यावर तपकिरी फासतं.

तर झालं असं. मी स्वोर्ड बीचचा, म्हणजे ब्रिटिश उतरले त्या नॉर्मंडीतल्या किनाऱ्याचा, प्रसंग घेतला होता, लॉर्ड लोवॅटचे ब्रिटिश कमांडो बोटीतून पाण्यात उतरतात आणि बिल मिलिन बॅगपाइप वाजवत पुढे जातो तो. एआयने टोप्या तपकिरी केल्या होत्या, त्या मला खटकल्या, म्हणून एका पुस्तकात ब्रिटिश सैनिकांच्या मरून टोप्या पाहिल्या होत्या त्या आठवून मी एकेक टोपी मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून वेगळा काढून, मरून केली. अकरा रात्री गेल्या त्यात, नोकरी सांभाळून. हार्डडिस्क भरत आली होती म्हणून फायनल रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ, काढला आणि प्रोजेक्ट, मास्क, सगळं उडवून टाकलं.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, पॅराशूट रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. त्यांना मोठ्या हौसेने दाखवायला घेऊन गेलो. काकांनी अर्धा मिनिट शांतपणे बघितलं आणि विचारलं, "अरे, हे पॅरावाले आहेत ना? मग बोटीतून पाण्यात का उतरतायत?"

मला उत्तर देता येईना. मरून टोपी म्हणजे पॅराशूटने किंवा ग्लायडरने उतरणारे सैनिक, ब्रिटिशांकडे तेच आणि आपल्याकडेही तेच, काका स्वतः ती टोपी घालून आयुष्य काढलेले. कमांडोंची टोपी हिरवी. आणि यातली खरी मेख पुढे आहे, ते हिरव्या टोपीवाले किनाऱ्यावरून चालत जातात ते ब्रिटिश मेजर हॉवर्डच्या माणसांना गाठायला, जी रात्री ग्लायडरने, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाने, उतरून ओर्न नदीच्या भागातला पूल धरून बसलीयत, आणि ती मरून टोपीची. म्हणजे पुलावर दोन टोप्यांची गाठ पडते, तोच त्या सगळ्या धडपडीचा शेवट, आणि मी दोन्हीकडे एकच रंग लावून तो क्षणच पुसून टाकला होता. हॉवर्डचं काम करणारा नट रिचर्ड टॉड त्या दिवशी खरोखर पॅराशूटने नॉर्मंडीत उतरला होता, हे मला नंतर कळलं तेव्हा आणखी वाईट वाटलं.

दुरुस्ती पाच मिनिटांची झाली असती, मास्क असते तर. पण मास्क उडवलेले, रेंडरमध्ये मरून रंग कपाळाच्या नि कानाच्या रंगात मिसळलेला, नुसता तो रंग पकडून बदलावा तर चेहरेही हिरवे पडायचे. सगळं पहिल्यापासून केलं.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. एक साधी दोनशेपानी वही, दर शॉटला एक पान. फ्रेममधल्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहायचं, ज्याचा रंग पक्का माहीत आहे तो पेनाने, अंदाज असेल तो पेन्सिलने. पान पेन्सिलने भरलेलं असेल तर कॉम्प्युटर लावायचाच नाही, आधी शोधाशोध. आणि मास्क कधीही उडवायचे नाहीत, नवीन हार्डडिस्क घ्या पण मास्क ठेवा. काही गोष्टी सोप्या आहेत, अमेरिकन पॅराट्रूपर्सपैकी ८२ व्या एअरबोर्नचा बिल्ला लाल-निळा, १०१ व्याचा काळ्या ढालीवर पांढऱ्या डोक्याचा गरुड, अमेरिकन कमांडो म्हणजे रेंजर्स, त्यांच्या हेल्मेटच्या मागे पत्त्यांतल्या चौकटसारखी केशरी खूण. खाकी मात्र अवघड, कारण ती एक नसतेच. एकाच अमेरिकन सैनिकाच्या अंगावर लोकरीची पँट तपकिरीकडे झुकणारी, जाकीट फिकट, हेल्मेट गडद हिरवट आणि पट्टे उन्हापावसाने विटलेले असतात, त्या सगळ्यावर एकच ब्रश फिरवला की माणूस प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो. जर्मन पायदळाचा गणवेश निळा नाही, हिरवट राखाडी आहे, निळसर तो हवाई दलाचा.

संदर्भ कुठून घ्यायचा असं विचाराल तर जॉर्ज स्टीव्हन्स या दिग्दर्शकाने १९४४ मध्ये नॉर्मंडीत १६ एमएम रंगीत फिल्मवर शूट केलेलं आहे, ते बघा. त्या कोडाक्रोम फिल्मला लाल रंगाची ओढ आहे हे लक्षात ठेवून बघा, पण बघा. दुसऱ्या कुणी रंगवलेल्या क्लिपवरून रंग उचलू नका, त्यानेही तिसऱ्याचाच उचललेला असतो.

आकाश निळं करू नका

एआयला मोकळी जागा वर दिसली की ते निळं करतं. आणि नवशिक्याला निळं आकाश दिसलं की त्याला वाटतं, वा, रंगीत झालं.

पण या गोष्टीत हवामान हेच तर सगळं आहे. हल्ला ५ जूनला ठरला होता, वादळामुळे एक दिवस पुढे गेला. दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवर आणि त्याचे सेनापती हवामानखात्याच्या स्टॅगचा अंदाज ऐकत बसलेत, तो प्रसंग सिनेमातही आहे. अमेरिकन उतरले त्या ओमाहा बीचवर बॉम्बर विमानांना ढगांमुळे खालचं दिसलं नाही, बॉम्ब किनारा सोडून आत जाऊन पडले आणि जर्मन बंदुका शाबूत राहिल्या. समुद्र इतका खवळलेला की तिथे एका तुकडीने पाण्यात सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकी २७ बुडाले. आणि तुमच्या क्लिपमध्ये वर गोव्याच्या डिसेंबरसारखं निळंशार आकाश आणि खाली निळंशार पाणी! बघणाऱ्याला प्रश्न पडतो की मग हे एवढे चिंतेत का होते.

आता यातली खरी अडचण सांगतो, ती कुणी सांगत नाही. सिनेमा काही त्या दिवशी शूट झालेला नाही, ओमाहाचा बराच भाग कॉर्सिका बेटावर चित्रित झाला, भूमध्य समुद्राचा उजेड आहे तो. म्हणून आधी सावली बघा. वाळूवर माणसाची सावली टोकदार पडली असेल तर शूटिंगच्या दिवशी ऊन होतं आणि तिथे तुम्ही शिशासारखं दाटलेलं आभाळ दिलंत तर ते खोटं वाटणार, डोळा लगेच पकडतो. अशा शॉटला मी वर पांढुरकं ठेवतो आणि निळ्याचा अगदी पुसटसा थर देतो, धुरकट सकाळ वाटेल इतकाच. सावली पसरट असेल तर बिनधास्त राखाडी. पाण्याला हिरवट राखाडी, फेसाला काही नाही, फेस पांढराच राहू द्या. आणि आकाशात पट्टे पट्टे दिसायला लागले तर रंग चुकलेला नसतो, तुम्ही ८ बिटमध्ये, म्हणजे कमी छटांत, काम करताय, १० बिटवर जा.

बाकीच्या थोडक्यात.

मूळ राखाडी थराला हात लावायचा नाही, तो लॉक करा आणि रंगाचा थर वेगळा ठेवा. कॉन्ट्रास्ट वाढवून "पॉप" आणणारे लोक ती प्रकाशयोजनाच मोडून टाकतात.

ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, काढू नका. ग्रेन गेला की चेहरे मेणाचे होतात.

विमानांच्या पंखांवर त्या दिवसासाठी मुद्दाम काळे-पांढरे पट्टे रंगवले होते, ते काळे-पांढरेच राहायला हवेत. एआय त्यांच्यावर हमखास निळी किंवा पिवळी झाक टाकतं.

या सिनेमात जर्मन माणसं जर्मन बोलतात, फ्रेंच माणसं फ्रेंच, त्यामुळे चित्रावरच छापलेली सबटायटल्स असतात आणि एआय त्या अक्षरांनाही कातडीचा रंग देतं. सबटायटल नसलेली कॉपी घ्या, नाहीतर अक्षरांचा वेगळा मास्क करा.

पॅराट्रूपर्सनी तोंडाला काजळी फासलेली असते. काजळीला रंग नसतो, तिथला रंग जवळजवळ शून्यावर आणा. आणि साँत-मेर-एग्लीज या फ्रेंच गावात रात्री सैनिक आगीच्या उजेडात उतरतात, तिथे दिवसाची गुलाबी कातडी चालत नाही, आगीकडची बाजू नारिंगी आणि दुसरी बाजू थंड. पॅराशूट अडकून चर्चच्या मनोऱ्याला लटकलेला तो सैनिक रंगवताना मी चार दिवस फक्त उजेड कुठून येतोय तेवढंच बघत होतो, ब्रश उचललाच नव्हता.

रक्त मूळ चित्रात जेवढं आहे तेवढंच. हाताने वाढवू नका, प्लीज.

रंग लुकलुकत असेल तर एआय प्रत्येक फ्रेमला नव्याने अंदाज करतंय. आधी सीन कट करून शॉट वेगळे करा, प्रत्येक शॉटची एक फ्रेम हाताने पूर्ण रंगवा आणि तीच पुढेमागे ट्रॅक करा, म्हणजे तोच रंग हालचालीबरोबर बाकीच्या फ्रेमवर न्या. कटवर मागच्या शॉटचा रंग पुढच्यात सांडत असेल तर त्याचंही उत्तर हेच.

माणूस हलला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर तुमची कॉपी डीव्हीडीवरून आलेली आहे, सेकंदाला ३० फ्रेम करण्यासाठी त्यात जादाच्या मिश्र फ्रेम घातलेल्या असतात. आधी त्या काढून २४ वर आणा. रंगवून झाल्यावर हे लक्षात आलं तर इलाज नाही.

आणि हो, या सिनेमावर घरी सराव करा, अपलोड करू नका, त्याचे हक्क स्टुडिओकडे आहेत. लोकांना दाखवायचंच असेल तर अमेरिकन सरकारने युद्धकाळात बनवून घेतलेल्या फिल्म्स घ्या, जॉन ह्यूस्टनची 'द बॅटल ऑफ सॅन पिएत्रो' ही १९४५ ची आहे आणि सगळ्यांसाठी खुली आहे. फक्त त्यातली धूळ इटलीची आहे, नॉर्मंडीसाठी ठरवलेले रंग तिथे चिकटवू नका, वहीचं पान नवीन घ्या.

पाठवायच्या आधी क्लिप घरच्या टीव्हीवर लावून बघा, पण टीव्हीचा पिक्चर मोड व्हिव्हिड असेल तर तो आधी बदला. मॉनिटरवर ठीक वाटलेली खाकी तिथे हिरवीगार झालेली दिसली तर रंग वीस टक्के कमी करा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी उजेडात परत एकदा बघा.