अ‍ॅडम्स घराण्याची पत्रे वाचायला घेताना

मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने अमेरिकेच्या राजकारणातल्या या घराण्याच्या कागदांची मायक्रोफिल्म केली, ती 608 रिळे भरली. तिथून सुरुवात करू नका. वर्दिंग्टन फोर्ड यांनी 1920 साली संपादित केलेले, 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धातल्या पत्रांचे दोन खंड आधी घ्या. ती निवड आहे, समग्र पत्रव्यवहार नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

लिहिणारे मुख्यतः तिघे. वडील चार्ल्स फ्रान्सिस लंडनमध्ये अमेरिकेचे वकील (राजदूत), मुलगा हेन्री त्यांचा खाजगी सचिव आणि हेन्रीचा मोठा भाऊ चार्ल्स फ्रान्सिस (धाकटा) घोडदळात. बापलेकांचे नाव एकच. या दोघा भावांहून मोठा भाऊ जॉन क्विन्सी, तर राष्ट्राध्यक्ष झालेले आजोबाही जॉन क्विन्सी! पहिल्या दिवशीच प्रत्येकाला खूण ठरवून द्या, नाहीतर महिन्याभराने टिपणे निकामी होतात.

मग वहीत सहा रकाने आखा: कोणी, कोणाला, कुठून, कधी लिहिले, कधी पोहोचले असेल, आणि लिहिताना काय ठाऊक होते. नवखे शेवटचे दोन गाळतात आणि नेमके तिथेच फसतात. आगबोटीने टपालाला साधारण दहा ते चौदा दिवस लागत, छावणीतून आणखी जास्त. छापील खंडात पत्रे तारखेने लावलेली असतात, म्हणून पुढचे पत्र मागच्याचे उत्तर वाटते. प्रत्यक्षात ते बहुधा तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या पत्राचे असते.

ट्रेंट प्रकरणावर हा तक्ता तपासून पाहा. 8 नोव्हेंबर 1861 ला अमेरिकी नौदलाच्या कॅप्टन विल्क्सने ट्रेंट या ब्रिटिश बोटीवरून, फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे दोन वकील (राजदूत) उतरवून घेतले. 26 ला बोस्टनमध्ये त्याच्या सत्काराची मेजवानी झाली. दुसऱ्याच दिवशी बातमी लंडनला थडकली आणि तिथे युद्धाची भाषा सुरू झाली. त्या दोन वकिलांना सोडायचे वॉशिंग्टनने 26 डिसेंबरला ठरवले, लंडनला ते कळले 8 जानेवारीला. मधल्या सहा आठवड्यांतला बोस्टनचा उत्साह किंवा लंडनची धास्ती वाचून कोणाला मूर्ख ठरवू नका. एकाच शहरातही असे घडते. लिव्हरपूलजवळ दक्षिणेसाठी बांधलेल्या चिलखती जहाजांवरून वडिलांनी 5 सप्टेंबर 1863 ला ‘हे युद्धच आहे’ असे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री रसेलना खडसावले. जहाजे अडवायचे रसेलनी दोन दिवस आधीच ठरवले होते.

पत्र कोणाला लिहिले आहे, यावर मजकूर ठरतो. हेन्री वडिलांच्या नकळत न्यूयॉर्क टाइम्सला बातमीपत्रे पाठवत असे. ते गुपित भाऊ चार्ल्सला ठाऊक होते. पुढे बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याचा मँचेस्टरवरचा लेख छापला, नाव फुटले आणि जानेवारी 1862 मध्ये लंडनच्या टाइम्सने त्याची टर उडवली. म्हणून भावाला लिहिलेली पत्रे वेगळी लावा.

या दोन खंडांपुढची पत्रे वाचाल, तेव्हा एक ध्यानात ठेवा: 1866 मध्ये अटलांटिकखालची तार कायमची चालू झाली. सुरुवातीला वीस शब्दांना वीस पौंड पडत, त्यामुळे घरगुती मजकूर टपालानेच जाई. पण मोठ्या बातम्या आता पत्राच्या आधी पोहोचत. वडील 1868 मध्ये परतले. तोवरच्या या दोन वर्षांत शेवटचा रकाना भरताना त्या दिवसाचे वर्तमानपत्र शेजारी ठेवा.