क्रूझने माल्टाला जाताय? व्हॅलेटात या चुका टाळा

पहिली चूक जहाजावरच होते. जहाज माल्टाची राजधानी व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बर या बंदरात शिरत असतं आणि निम्मे प्रवासी झोपेत असतात, नाहीतर नाश्त्याच्या रांगेत. उजवीकडे सेंट एल्मोचा किल्ला, डावीकडे रिकासोली, पुढे दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडाची उंच तटबंदी. हे बंदर समुद्रातून येणाऱ्यासाठीच बांधलंय, ते नंतर बसमधून बघून चालत नाही. आत शिरायची वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेवा आणि अर्धा तास आधी वरच्या डेकवर जा.

दुसरी चूक पूर्ण दिवस खाते. हातात सहा-सात तास असतात आणि यादीत एमदीना हे जुनं तटबंदीचं शहर, गोझो बेट, ब्लू लगूनचं निळं पाणी. व्हॅलेटा 'वेळ उरला तर'. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या भेटीत व्हॅलेटा आणि समोरचा किनारा एवढंच करावं. १५६५ साली तुर्कांचा वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी ला व्हॅलेटने या शहराची पायाभरणी केली; तो माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या नाइट्सचा, म्हणजे लढवय्या ख्रिस्ती धर्मसंघाचा, ग्रँडमास्टर म्हणजे प्रमुख होता. शहराच्या दरवाजापासून सेंट एल्मोपर्यंत अंतर जेमतेम किलोमीटरभर, म्हणजे सगळं पायी होतं. गोझो आणि ब्लू लगून म्हणजे पुन्हा बोटीचा प्रवास. वारा सुटला की वेळापत्रक कोलमडतं. जहाज रात्रीपर्यंत थांबणार असेल तरच एमदीना जमेल. तेही सकाळी आधी उरकून या. बस शहराच्या दरवाजाबाहेर, ट्रायटन कारंज्याजवळ मिळते.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या टॅक्सीवाले गाठतात. टॅक्सीची गरज नसते. पाणी डाव्या नव्हे, उजव्या हाताला ठेवून पंधराएक मिनिटं चालत गेलं की बराका लिफ्ट लागते. ५८ मीटर उंचीची ही लिफ्ट थेट अप्पर बराका बागेत नेऊन सोडते. दोन मोठी जहाजं एकाच दिवशी लागली की मात्र इथे लांबलचक रांग लागते. अशा वेळी ताटकळू नका, व्हिक्टोरिया गेटच्या चढावरून वर जा. चढ दमवतो, पण गुडघे धड असतील तर रांगेपेक्षा बरा.

वर पोहोचल्यावर लोक आधी दुकानांच्या रिपब्लिक स्ट्रीटवर रमतात आणि सेंट जॉन्स को-कॅथेड्रल दुपारवर ढकलतात. हे उलटं करा. बाहेरून साधं, जवळजवळ लष्करी दिसणारं हे चर्च आत पाऊल टाकताच सोन्याने झळाळतं. पायाखाली रंगीत संगमरवराची शेकडो थडगी आहेत, एकेका नाइटचं कुलचिन्ह आणि सांगाडे कोरलेली. त्या फरशीसाठीच टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत, आणि खांदे उघडे असतील तर ते झाकायला सांगतात. ओढणी जवळ असली की प्रश्न मिटला. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो, म्हणून तिकीट काढण्याआधी वार बघा.

चर्चला जोडलेल्या प्रार्थनादालनात, ऑरेटरीत, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ मधलं संत जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र आहे. गर्दी समोर उभी राहून फोटो काढते आणि निघून जाते. तुम्ही खाली, जमिनीवर सांडलेल्या रक्ताकडे बघा. चित्रकाराने त्या रक्तातच आपलं नाव लिहिलंय, आणि सही केलेलं त्याचं हे एकमेव चित्र. त्याच वर्षी तो नाइट झाला, तुरुंगात गेला, पळाला आणि नाइट्सच्या संघातून हाकलला गेला. त्याला कोंडलं होतं तो सेंट अँजेलो किल्ला बराका बागेतून समोरच दिसतो. म्हणून आधी चित्र बघा, मग बागेत या. दुपारी बारा आणि चार वाजता खालच्या तोफखान्यातून तोफ उडते. कठड्याशी जागा हवी तर वीस मिनिटं आधी पोहोचा. (१८७८ मध्ये रशियाला धाक म्हणून इंग्रजांनी सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला आणले होते. तिथे उभं राहिल्यावर त्यांची आठवण येतेच.)

परतताना लिफ्टने खाली उतरा आणि वेळ असेल तर फेरीने किंवा डायसा नावाच्या छोट्या होडीने समोरच्या किनाऱ्यावरच्या बिर्गू गावाला जाऊन या. होडीत बसण्याआधी भाडं ठरवा. जायचं की जाऊन-यायचं, हेही.

खाण्याचं सोपं आहे. पास्तीत्सी, म्हणजे इथली पापुद्र्यांची पेस्ट्री, मटार किंवा रिकोटा चीज भरलेली मिळते. कडक शाकाहारी असाल तर पापुद्र्यात चरबी घातली आहे का, ते विचारा. इंग्रजी सगळीकडे चालतं. उन्हाळ्यात मात्र टोपी, पाणी आणि न घसरणारे बूट हवेतच, कारण इथल्या पायऱ्यांचे दगड झिजून गुळगुळीत झालेत.

आता ज्या चुकीने सहलच बुडते ती. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, ट्युनिशिया आणि तुर्कस्तान नाहीत. तुमचं जहाज मध्ये तिकडे जाऊन परत शेंगेन देशात येणार असेल, तर भारतीय पासपोर्टवर मल्टिपल एंट्री व्हिसाच लागतो. बुकिंग करतानाच बंदरांची यादी व्हिसाशी ताडून बघा.

घड्याळाचंही तसंच. ग्रीसहून आलात तर माल्टाची वेळ तासाभराने मागे असते. फोन आपोआप बदलतो, जहाजावरचं घड्याळ बदलेलच असं नाही. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाची धरा, मनगटी घड्याळ त्यावर लावा. समुद्रात फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल येतं. उतरताना रोजच्या कार्यक्रम-पत्रकाचा फोटो काढून घ्या. त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, उशीर होतोय असं वाटताच त्याला फोन लावा. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची आणि व्हिसाची झेरॉक्स खिशात असू द्या.