घराचं काम काढलंय? पुण्यात टॅक्सची सवलत घालवायची नसेल तर या चुका टाळा

लोक दिवाळीआधी रिनोव्हेशन काढतात आणि मे महिन्यात मला टॅक्स बिलाचा फोटो पाठवतात, "हे एवढं कसं आलं?" मी काही कर खात्यात नाही हो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, पण बारा वर्षं तेच तेच बघून डोकं उठलंय.

पुण्यात स्वतः राहत असाल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत आहे. १९७० पासूनची, २०१८ च्या सुमारास थांबली, २०२३ ला राज्य सरकारने परत दिली. पण ती राहत्या घराला आहे, आणि राहता हे महापालिकेचा पीटी-३ फॉर्म भरून कागदावर दाखवायचं असतं.

आमच्या बी विंगमधल्या काकांनी फरशी, प्लंबिंग, किचन सगळं एकदम काढलं. ठेकेदार म्हणाला दोन महिने, लागले नऊ. तेवढे दिवस दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहिले आणि सोयीचं म्हणून गॅस तिकडे नेला, आधारवर पत्ताही तिकडचा टाकला, मतदार यादीत नाव तर अजून साताऱ्याला! परत आले, घर चकाचक, आणि फॉर्म भरायला बसले तर एकाही कागदावर या घराचा पत्ता नाही. लाइट बिल पुढे केलं तर त्यात नऊ महिने जेमतेम युनिट. गॅसचं कार्ड टेबलावर आपटून माझ्यावरच ओरडले. शेवटी गॅस परत इकडे आणला, मी सोसायटीचं पत्र दिलं, तेव्हा कुठे अर्ज मार्गी लागला.

म्हणून माझी सवय सांगतो, पहिली फरशी फुटायच्या आधी एका फोल्डरमध्ये इंडेक्स टू (घरखरेदीच्या नोंदणीचा उतारा), मागचं टॅक्स बिल, गॅस कार्ड, लायसन्स. आणि कितीही दिवस बाहेर राहा, दोन कागदांवरचा पत्ता हलवायचा नाही. फॉर्म दिला की शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. "एजंट करून देतो" म्हणणाऱ्यांची पोच नेहमी एजंटकडेच असते.

दुसरं म्हणजे सोलर. "सोलर बसवला की बिल १० टक्के कमी" हे कोण पसरवतं कुणास ठाऊक. सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं, यातलं एक केलं तर ५ टक्के, दोन किंवा जास्त केले तर १०, आणि तेही फक्त सर्वसाधारण करावर, अख्ख्या बिलावर नाही. बिलाच्या ओळी वाचा की जरा, सफाई कर, पाणीपट्टी, शिक्षण कर सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. शिवाय प्रकल्प चालू पाहिजे, आमच्या खताच्या खड्ड्यात मागच्या वर्षी पोरांच्या बॅटी निघाल्या.

काम झाल्यावर घर भाड्याने दिलं तर ४० टक्के विसरा. बिल चुकलंय म्हणून पैसे अडवून बसू नका, थकबाकीवर महिन्याला २ टक्के चढतात.

आणि मंजूर प्लॅन न बघता गच्ची घरात घेऊ नका, अनधिकृत बांधकामाला घरपट्टीच्या दुपटीपर्यंत शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे कायद्यात. काकांनी आता बाल्कनीला स्लाइडिंग लावायचं काढलंय, मी प्लॅनची झेरॉक्स काढून ठेवलीये.