नव्या लिफ्टला पाठिंबा द्यायचा असेल तर मुदतीआधीची तयारी

पश्चिम अमेरिकेतले अनेक नावाजलेले स्की-डोंगर ज्या कंपन्यांच्या नावाने ओळखले जातात, त्या कंपन्यांच्या मालकीचे नाहीत. देशातली १२२ स्की केंद्रे राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर चालतात. आपल्या रीतीने तिथला सातबारा काढता आला असता, तर मालक म्हणून केंद्र सरकारचे नाव दिसले असते आणि कंपनीच्या नावापुढे फक्त परवान्याची नोंद. १९८६च्या कायद्यानुसार हा परवाना जास्तीत जास्त ४० वर्षांचा असतो. त्यामुळे जुनी चेअरलिफ्ट काढून नवी बसवायची, कृत्रिम बर्फासाठी पाइप टाकायचे किंवा चार झाडे तोडून उतार रुंद करायचा म्हटले तरी फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे राष्ट्रीय वने सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याची, मंजुरी लागते, आणि मोठे काम असले की त्या मंजुरीच्या वाटेवर लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. विरोध करणारे या टप्प्यावर तयारीनिशी येतात. सुधारणा हवी असणारे मात्र लिफ्टच्या रांगेत उभे राहून कुरकुरतात आणि मुदत संपून गेल्यावर काय झाले म्हणून विचारतात. डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या आमच्या सात-आठ मराठी कुटुंबांच्या स्की-गटासाठी मी ही यादी लिहायला घेतली; ती इतरांनाही उपयोगी पडावी.

सर्वांत आधी प्रस्ताव नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहून घ्यावे. प्रत्येक केंद्राचा एक दीर्घकालीन विकास आराखडा असतो आणि फॉरेस्ट सर्व्हिसने तो स्वीकारला की वर्तमानपत्रांत नव्या गोंडोलाची चित्रे छापून येतात. पण आराखडा स्वीकारणे म्हणजे त्यातल्या कामांना मंजुरी देणे नव्हे. प्रत्येक कामाची स्वतंत्र पर्यावरणीय तपासणी होते आणि आपले निवेदन त्या तपासणीच्या फायलीत जायला हवे. प्रत्येक राष्ट्रीय वन दर तिमाहीला प्रस्तावित कामांची यादी काढते. आपल्या आवडीच्या डोंगराचे वन कोणते हे शोधून गटातल्या एकाने ती यादी नेमाने वाचण्याची जबाबदारी घ्यावी. मुदतीच्या बाबतीत जुन्या माहितीवर विसंबू नये. पूर्वी लहान अहवालासाठी ३० दिवस आणि मोठ्या अहवालाच्या मसुद्यासाठी ४५ दिवस हा हिशेब सर्वांना पाठ होता, पण फॉरेस्ट सर्व्हिस ज्याच्या अखत्यारीत येते त्या कृषी खात्याने जुलै २०२५मध्ये आपले तपासणीचे नियम नव्याने लिहिले आणि मसुद्यावर सूचना मागवण्याची पूर्वीची बंधने बरीच सैल झाली. काही कामांत आता सुरुवातीची एकच संधी मिळू शकते. म्हणून प्रत्येक नोटीस स्वतंत्रपणे वाचावी आणि तीत छापलेली तारीखच खरी धरावी.

दुसरी गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका डोंगरावरच्या नव्या लिफ्टसाठी आम्ही अडतीस जणांनी एकच मजकूर पाठवला. मजकूर मीच लिहिला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. अंतिम अहवालाचे परिशिष्ट उघडले, तेव्हा आमची सगळी पत्रे एका ओळीत मावली होती: प्रकल्पाला सर्वसाधारण पाठिंबा, उत्तराची आवश्यकता नाही. तेव्हा राग आला, पण चूक आमचीच होती. हे मतदान नसते. पर्यावरण तपासणीचा जो कायदा १ जानेवारी १९७० रोजी स्वाक्षरी होऊन अमलात आला, तो अमुकच निर्णय घ्या असे सांगत नाही, निर्णयाआधी परिणामांचा विचार करा एवढेच सांगतो. वॉशिंग्टन राज्यातल्या एका नियोजित स्की केंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये हेच स्पष्ट केले. अधिकाऱ्याला डोकी मोजायची नसतात. निर्णयाच्या कागदात उद्धृत करता येईल, अशी माहिती त्याला हवी असते.

ही माहिती कुठून आणायची, तर स्वतःच्या हिवाळ्यातून. त्यानंतरच्या जानेवारीत मी सलग चार शनिवार हातमोजा दातांत धरून फोनमध्ये वेळ टिपून ठेवली. रांगेत उभे राहिल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत ३४ मिनिटे, ४१, २२ आणि ३८. चौथ्या शनिवारी लिफ्ट दोनदा थांबली, कारण ती जुन्या पद्धतीची, दोरीला कायमची जखडलेली दोन जणांची खुर्ची होती, आणि नवशिकी मुले चढताना पडली की सगळी दोरी थांबवावी लागते. नव्या प्रकारच्या लिफ्टमध्ये खुर्ची स्थानकात दोरीपासून सुटते, सावकाश पुढे सरकते आणि पुन्हा दोरी पकडते, त्यामुळे लहान मुलांना आणि बसून स्की करणाऱ्या अपंग व्यक्तींना चढणे सोपे जाते. ‘लिफ्ट हवी’ या दोन शब्दांपेक्षा चार तारखा, चार आकडे आणि हे एक कारण फायलीत कितीतरी अधिक काम करते. गटातल्या प्रत्येकाने आपापली वेगळी गोष्ट लिहावी: कोणाला वाहनतळाचा प्रश्न जाणवला असेल, कोणाला एकाच अरुंद उतारावर होणाऱ्या टकरींचा, कोणाला वरच्या टोकाला शौचालय नसल्याचा. अहवालात ‘उद्देश व गरज’ नावाचे प्रकरण असते. आपला मुद्दा तिथल्या कोणत्या वाक्याला बळ देतो हे एका ओळीत सांगितले की वाचणाऱ्याचे काम हलके होते. कोलोरॅडोतल्या अरापाहो बेसिन या स्की केंद्राचा २०१६मध्ये मंजूर झालेला आणि २०१८मध्ये खुला झालेला सुमारे ४७० एकरांचा विस्तार हे याचे चांगले उदाहरण आहे. लोक हद्दीबाहेर जाऊन त्या उतारांवर आधीपासूनच स्की करत होते, आणि जोवर ते उतार हद्दीबाहेर होते तोवर तिथल्या हिमप्रपाताचा धोका केंद्राला नियंत्रणात आणता येत नव्हता. अशा ठिकाणी तिथे प्रत्यक्ष गेलेल्या माणसाचे दोन परिच्छेद मोलाचे ठरतात.

आपण त्या जागेचा वापर करतो हे निवेदनात स्पष्ट लिहावे. ते गृहीत धरू नये. मिनरल किंगचा धडा खरे तर दुसऱ्या बाजूचा आहे, पण तो आपल्यालाही तितकाच लागू पडतो. कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया राष्ट्रीय वनातील त्या खोऱ्यात डिस्ने कंपनीला मोठे स्की केंद्र उभारायचे होते. सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेने दावा लावला, पण आपले सदस्य तिथे जातात आणि त्यांचे नुकसान होईल असे दाव्यात म्हटलेलेच नव्हते, म्हणून १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लबचा दावा लावण्याचा हक्क मान्य केला नाही. क्लबने नंतर ती उणीव भरून काढली, केंद्र कधीच उभे राहिले नाही आणि १९७८मध्ये ते खोरे राष्ट्रीय उद्यानात सामील झाले. निवेदनाखाली खरे नाव आणि संपर्काचा पत्ता द्यावा, कारण निनावी पत्र स्वीकारले गेले तरी पुढच्या टप्प्यावर त्याच्या आधाराने काही मागता येत नाही. मात्र हे सारे सार्वजनिक अभिलेखात जाते, तेव्हा मुलांची नावे किंवा कोणाच्या आजाराचा तपशील लिहू नये. आपण त्या केंद्रात नोकरी करत असलो किंवा कंपनीचे समभाग आपल्याकडे असले तर तेही स्वतःहून सांगावे. नंतर दुसऱ्या कोणी उघड केले तर सगळ्या गटाचे वजन कमी होते.

विरोधकांचे म्हणणे त्यांच्याच कागदांतून वाचल्याशिवाय पाठिंब्याचे पत्र लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. वनजमिनीवर पाणथळ जागा असतात, लिंक्ससारखी दुर्मीळ जनावरे असतात, खालच्या गावाचे पिण्याचे पाणी असते आणि अनेकदा मूलनिवासी जमातींचे तहाने मिळालेले हक्क असतात. मिनेसोटात लुट्सन स्की केंद्राच्या विस्तारासाठी सुपीरियर राष्ट्रीय वनातली सुमारे ५०० एकर जमीन मागितली होती. १८५४च्या तहाचे हक्क सांगणाऱ्या ओजिब्वे समूहांनी त्याला विरोध केला आणि २०२३मध्ये तो प्रस्ताव बाजूला ठेवावा लागला. ॲरिझोनात फ्लॅगस्टाफजवळच्या शिखरांवर शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यापासून बर्फ करण्याची योजना २००८मध्ये अपील न्यायालयात टिकली, पण किमान तेरा जमाती ती शिखरे पवित्र मानतात. ब्रह्मगिरीवर कोणी असे पाणी फवारायचे म्हटले तर आपल्याला काय वाटेल, एवढा विचार करूनच अशा प्रस्तावावर लेखणी उचलावी. प्रत्येक सुधारणेला पाठिंबा दिलाच पाहिजे असे नाही. तीन भागांच्या प्रस्तावातल्या दोन भागांना पाठिंबा आणि तिसऱ्याला हरकत असे पत्र अधिक गांभीर्याने वाचले जाते. पाठिंब्याला अटीही जोडाव्यात. कोलोरॅडोतल्या कीस्टोन स्की केंद्राच्या बर्गमन बोल या भागात २०२२च्या उन्हाळ्यात परवानगीपलीकडे रस्ता खोदला गेला, वृक्षरेषेवरच्या नाजूक टुंड्राचे नुकसान झाले, फॉरेस्ट सर्व्हिसने काम थांबवले आणि लिफ्ट एक हंगाम लांबली. तेव्हा बांधकामावर स्वतंत्र देखरेख ठेवावी, एवढे एक वाक्य लिफ्ट मागणाऱ्यानेच लिहिलेले बरे.

गटाबाहेरचा पाठिंबा मिळवायला वेळ लागतो आणि आमची गणिते इथेच चुकतात. नगर परिषदेचा किंवा काउंटीच्या आयुक्तांचा ठराव हवा असेल तर विषय कार्यसूचीवर येण्यालाच काही आठवडे जातात, म्हणून मुदत सुरू होण्याच्या निदान सहा आठवडे आधी विनंती करावी. अपंगांना स्की शिकवणारी संस्था, शाळेचा स्की-संघ, बससेवा चालवणारे आणि अग्निशमन दल यांच्या स्वतंत्र पत्रांना मोल असते. हॉटेलवाल्यांच्या पत्रांवर भर देऊ नये; त्यांचा फायदा कोणालाही दिसतो.

जाहीर सभा ठेवली असेल तर ती कशा स्वरूपाची आहे हे आधी विचारून घ्यावे. पुष्कळदा तिथे माइक नसतो. भिंतीला नकाशे लावलेले असतात आणि प्रत्येक नकाशापाशी जलतज्ज्ञ, वन्यजीवतज्ज्ञ किंवा अभियंता उभा असतो. त्यांना प्रश्न विचारावेत, पण तिथे तोंडी बोललेले लेखी नोंदीत जाईल असे समजू नये. दारापाशी ठेवलेला फॉर्म तिथेच भरावा किंवा घरी येऊन त्याच रात्री निवेदन पाठवावे. ऑनलाइन पाठवल्यावर मिळणारी पोच जपून ठेवावी. अंतिम निर्णयाच्या मसुद्यावर औपचारिक हरकत घेण्याची तरतूद असेल, तर तो हक्क सहसा मुदतीत आणि नेमके मुद्दे लिहून कळवणाऱ्यालाच असतो; मंजूर होताना आपली लिफ्ट निम्म्यावर आणली गेली तर तेव्हा ही पोचच उपयोगी पडते. आमच्या गटात पोच जपण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे आणि डिसेंबरपासून रांगेतल्या वेळा टिपण्याचे काम मुलांकडे दिले आहे, कारण हातमोजे काढायची त्यांना मोठी हौस असते.