जुन्या मोटारीतील छताचा दिवा बदलताना

पुष्कळ जुन्या मोटारींत दाराच्या बटणाने केवळ अर्थिंग (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी असलेली जोडणी) तुटते, त्यामुळे दिवा विझलेला असला तरी बल्ब धरणाऱ्या धातूच्या पट्टीत बॅटरीचा विद्युतदाब असतो. म्हणून प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. नाशिकच्या डिसेंबरातील थंडीत जुने प्लास्टिक ठिसूळ होते, तेव्हा गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून, चपट्या स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून झाकण हलकेच उचकटावे. आतील नळीसारखा बल्ब ३१, ३६, ४१ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या लांब्यांत मिळतो, त्यामुळे दुकानात जुनाच बल्ब दाखवणे उत्तम. जास्त वॅटचा बल्ब मात्र लावू नये. उष्णतेने झाकण वितळते. पट्ट्यांवरील हिरवट गंज पॉलिश पेपरने घासावा. तरीही दिवा लागला नाही, तर फ्यूज आणि दाराचे बटण तपासावे.