बी.डी. आणि दीक्षा यांच्या मधलं वर्ष

मे महिन्यात पुण्याहून इंदूरला उतरलो तेव्हा सामानात पुस्तकांच्या दोन पेट्या, बांधून घेतलेला प्रबंध आणि झिजलेलं ग्रीक व्याकरण होतं. आईने स्टेशनवरच विचारलं, "आता झालास ना पाळक?" नव्हतो झालो. पुढे जवळजवळ दीड वर्ष नव्हतो. सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशाळेच्या, शेवटच्या वर्षात या दीड वर्षाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

आधी एक घोळ मिटवू. आपली मुलं जबलपूरच्या लेनर्ड सेमिनरीला जावोत, पुण्याला की कोलकात्याच्या बिशप्स कॉलेजला, बी.डी. ची, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी देते सेरामपूर कॉलेजची सिनेट. दीक्षा, म्हणजे पाळकपदाचा अधिकार, देतो बिशप. पहिलीमुळे दुसरीचा हक्क मिळत नाही. माझ्या बरोबरचा एक जण पहिल्या वर्गात पास झाला आणि वर्षभर घरी बसला, कारण त्याच्या मंडळीच्या, म्हणजे घरच्या चर्चच्या, पास्टोरेट कमिटीची शिफारसच नव्हती. चार वर्षांत तो सुट्टीतसुद्धा तिकडे फिरकला नव्हता. तेव्हा शिकत असतानाच दर सुट्टीत आपल्या चर्चमध्ये दिसत राहा. संडे स्कूल घ्या, नाताळात खुर्च्या उचला. नंतर शिफारसपत्र, वैद्यकीय दाखला, बिशपची मुलाखत, ज्येष्ठ पाळकाच्या हाताखाली उमेदवारी असं ओळीने येतं. डायोसीसप्रमाणे, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या भागाप्रमाणे, कागद थोडे बदलतात. आमच्या डायोसीसचं नाव भोपाळ आणि बिशप हाऊस इंदुरात, तेव्हा मला खेटे घालायला तरी लांब जावं लागलं नाही. मानधन किती, राहायची सोय कुठे, हे मुलाखतीतच विचारा. मी लाजलो आणि पहिले चार महिने वडिलांच्या पेन्शनवर काढले.

दुसरी गोष्ट, आपण अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, म्हणजे नेमके कोण? आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झालं. अँग्लिकन त्यातलं एक. डिकन (पहिली पायरी), प्रेस्बिटर (पूर्ण पाळक), बिशप ही उतरंड तिकडून आली, पण मंडळ्यांची मुळं वेगवेगळी राहिली. इंदुरात १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज काढणारं कॅनेडियन मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप नसलेल्या पंथाचं होतं. रेसिडेन्सीतल्या इंग्रजांचं व्हाइट चर्च अँग्लिकन वळणाचं. त्यामुळे एकाच शहरात एका ठिकाणी पाळकाच्या अंगावर झगा नसला तर लोक कुजबुजतात आणि दुसऱ्या ठिकाणी असला तर. बाप्तिस्म्याचंही तसंच: सीएनआयमध्ये बालकांचाही चालतो आणि प्रौढपणी विश्वास कबूल करून घेतलेलाही. नव्या ठिकाणी गेलात की पहिले दोन महिने काहीही बदलू नका. माझा हात फार शिवशिवत होता.

आता भाषा. प्रबंध लिहिला इंग्रजीत, उपासना चालवायची हिंदीत, आणि घर आमचं नगरकडचं. ज्या मिशनरी विल्यम केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्याच्याच सेरामपूरची पदवी घेऊन आलेला मी मराठीत धड प्रार्थना करू शकत नव्हतो, हे एका दवाखान्यात कळलं. पाळकसाहेब गावाला गेले होते, म्हणून मला एकट्याला पाठवलं होतं. नव्वदीच्या आजी, नाकात नळी. मी हिंदीत चांगली पाच मिनिटं प्रार्थना केली, कृपेवर वगैरे. डोळे उघडले तर आजी माझ्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "प्रभूची प्रार्थना म्हण की रे, आपली." मी सुरू केली. "तुझे नाव पवित्र मानले जावो" म्हटलं, तर आजींचं "मानिले जावो". मग मी गप्प झालो आणि त्यांच्यामागून म्हणत गेलो. मधे माझी एक ओळ चुकली, ती त्यांनी बोट हलवून दुरुस्त केली. त्या आठवड्यात मी जुनं मराठी प्रार्थनापुस्तक घरात शोधून काढलं.

हाताखालच्या वर्षात अभ्यासक्रमात नसलेलं बरंच शिकायला मिळतं. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं स्वच्छ अक्षरात भरा; कुणाच्या तरी नातवाला पासपोर्टसाठी ती नोंद लागणार असते. लग्नाला १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागतो आणि त्यात वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात. खास परवानगीचा अपवाद आहे, पण त्यावर विसंबू नका. आमच्याकडे एक वरात छावणी भागातल्या गर्दीत अडकली, बँड मात्र जोरात चालू. साडेसहाला आमच्या पाळकसाहेबांनी मला झग्यासकट रस्त्यावर पिटाळलं. नवरदेवाला मी स्कूटरवर मागे बसवून आणला.

दीक्षा आधी डिकनची. डिकन वचन वाचतो, संदेश देतो, प्रभुभोजनात द्राक्षारसाचा प्याला देतो. पण तो विधी स्वतः चालवत नाही, आणि पापक्षमेच्या शब्दांत "तुमची" ऐवजी "आमची" म्हणतो. पहिल्या रविवारी माझ्या तोंडून "तुमची"च निघालं. मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं. प्याला देताना कडा पुसून थोडी फिरवून पुढच्याला द्यायची, हे घरी पाण्याच्या पेल्यावर करून बघा, हसू आलं तरी.

स्टोल, म्हणजे दीक्षेनंतर झग्यावर घ्यायचा लांब पट्टा, बाहेरून मागवायला महाग पडतो. आम्ही महेश्वरचं कापड आणलं, काठ तसाच ठेवला आणि मावशीने शिवला. डिकन असताना तो डाव्या खांद्यावरून तिरका घ्यायचा असतो, तेव्हा कमरेपाशी अडकवायला बंद लावून घ्या. बंद कच्च्या टाक्यानेच घालायला सांगा. प्रेस्बिटर झालात की तोच स्टोल गळ्यातून सरळ सोडायचा असतो, आणि पक्की शिवण उसवताना महेश्वरी फाटतं.